पूजा राहिली, मनाई गेली

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वटपौर्णिमेच्या सकाळी जांभळी नाक्यावर भाजीला गेले होते. वडाच्या फांद्यांचे ढीग लागले होते आणि त्यांच्या कापलेल्या टोकांतून अजून चीक ओघळत होता. काही फांद्यांना फळे होती, ज्यांच्यावर हरियाल आणि वटवाघळे जगतात. सावित्रीने वडाखाली बसून यमाशी वाद घातला, त्या वडाच्या नावाने वडच तोडायचा हे मला पटेना. दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर मी तसे लिहिले. एका शेजाऱ्यांचे उत्तर आले, ''आपला धर्म मुळातच निसर्गपूजक आहे. हे उपदेश पाश्चात्त्यांना करा.''

हे वाक्य मी वर्गात अनेक वर्षे शिकवले आहे, म्हणून त्याला उत्तर देण्याची जबाबदारी माझ्यावर येते.

लिन व्हाइट या अमेरिकी इतिहासकाराने १९६७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात लिहिले होते की, माणूस सृष्टीचा धनी आहे ही पाश्चात्त्य ख्रिस्ती धारणाच पर्यावरणाच्या संकटाच्या मुळाशी आहे. आपल्याकडे हे मोठ्या समाधानाने सांगितले जाते. पण त्याच लेखाच्या शेवटी त्यांनी पशुपक्ष्यांना भावंडे मानणाऱ्या असिसीच्या संत फ्रान्सिसचा आदर्श पुढे ठेवला होता, हे सांगायचे राहून जाते. बायबलच्या पहिल्या अध्यायात पृथ्वीवर सत्ता चालवण्याची आज्ञा आहे, तर दुसऱ्यात बागेची मशागत आणि राखण करण्याची. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या परिपत्रात याच राखणीवर भर दिला आणि सत्तेचा अर्थ लूट असा लावणे चूक ठरवले. इस्लाममध्ये वाहत्या नदीकाठी वजू, म्हणजे नमाजाआधीची हातपाय-तोंड धुण्याची शुद्धी, करतानाही पाणी वाया घालवू नये अशी शिकवण आहे. नदीला पाणी कमी पडणार नसते, तरीही हात आवरायचा.

हात आवरणे आपल्या परंपरेतही होते. देवराईतली, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानातली, वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा गावाचा नियम. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा जुनी झाडे आणि वेली अशा राखलेल्या तुकड्यांत टिकून असल्याचे दिसले. पुढे कितीतरी ठिकाणी देवळाच्या जीर्णोद्धारासाठी देवराईतलीच झाडे पाडली गेली. देवाला सिमेंटचे देऊळ मिळाले आणि त्याची राई गेली.

आपल्या चेंदणी कोळीवाड्याचेही तसेच. नारळी पौर्णिमेचा सोन्याचा नारळ सगळ्यांना ठाऊक असतो, पण त्याआधी पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढून ठेवायच्या आणि माशांच्या विणीच्या दिवसांत दर्यात जायचे नाही, ही त्या सणाची खरी अर्धी बाजू. आज सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस असते. कोळी ही बंदी रोजच्या कमाईवर पाणी सोडून पाळतो. नारळ वाहायला तेवढे सोसावे लागत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की, पूजा सोपी म्हणून आपण ती ठेवली आणि तिच्यासोबतची मनाई गैरसोयीची म्हणून सोडून दिली. गेल्या वर्षी कळव्याच्या पुलावर रिक्षा थांबवून एका गृहस्थांनी निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट खाडीत टाकले आणि मग डोळे मिटून हात जोडले. त्यांची श्रद्धा खोटी नव्हती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसले, आणि म्हणूनच फार वाईट वाटले. हीच खाडी पुढे ऐरोलीकडे जाते. तिथल्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आहे.

आता गणपती येतील. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात लवकर विरघळत नाही, हे सगळ्यांना पाठ झाले आहे. महापालिकेचे फलक लागतात, कृत्रिम तलाव होतात, तरी घरोघरी मूर्तीची उंची वाढतेच आहे. फलकापेक्षा माणूस गुरुजींचे ऐकतो. म्हणून ठाण्यातल्या गुरुजींना आणि कीर्तनकारांना माझी हात जोडून विनंती आहे: प्राणप्रतिष्ठेच्या संकल्पाआधी यजमानाला दोन गोष्टी विचारा. मूर्ती शाडूची आहे का, आणि विसर्जन घरच्या बादलीत करणार का? उत्तर ‘नाही’ आले, तर पुढच्या वर्षासाठी तसा शब्द घ्या. शाडूची माती बादलीत विरघळते, खाली बसते आणि वाळवून मूर्तिकाराला परत देता येते. आमच्या मजल्यावरच्या चार घरांनी यंदा तसे ठरवले आहे. वटपौर्णिमेला फांदी आणू नका, जवळच्या वडाला जाऊन हात जोडा, हेही गुरुजींनीच सांगावे. ते ग्रुपवर मी सांगून भागत नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे