पॉप-अप बंद करण्याचा हक्क : केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय ग्राहक व्यवहार मंत्री,
भारत सरकार, कृषी भवन, नवी दिल्ली

महोदय,

सविनय नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका अनुदानित शाळेतून निवृत्त झालेली चित्रकला शिक्षिका आहे. मागच्या नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्याचा नमुना इंटरनेटवर शोधत असताना माझे 65,180 रुपये गेले, आणि ते ज्या वाटेने गेले ती वाट आपल्याच खात्याने दोन वर्षांपूर्वी कागदावर बंद केलेली आहे, हे नंतर कळल्यावर हे पत्र लिहिल्याशिवाय मला राहवेना.

घडले ते असे. एका संकेतस्थळावर ‘डाउनलोड’ असे लिहिलेल्या हिरव्या चौकटीवर मी क्लिक केले आणि संगणकाचा सगळा पडदा लाल झाला. भोंगा वाजू लागला. ‘संगणकात व्हायरस शिरला आहे, संगणक बंद केल्यास तुमच्या बँक खात्याची माहिती जाईल, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा’ असा इंग्रजी मजकूर आणि एका प्रसिद्ध कंपनीचे बोधचिन्ह समोर आले. वरच्या कोपऱ्यात फुली होती. ती दाबली तर तसलीच दुसरी खिडकी उघडली, तीही दाबली तर तिसरी. घरात मी एकटी होते आणि हात थरथरत होते. फोनवरच्या माणसाने अतिशय आदबीने, ‘माताजी, घबराइए मत’ म्हणत, माझ्याकडून एक ॲप उतरवून घेतले. दुरुस्तीचे शुल्क म्हणून 1,180 रुपये भरायला लावले आणि पुढच्या वीस मिनिटांत आधी 38,500 आणि मग 25,500 रुपये काढून घेतले. दुसऱ्या दिवशी माझा एक जुना विद्यार्थी आला. तो म्हणाला, ‘बाई, ते नुसते एक वेब पान होते. कीबोर्डवरचे एस्केपचे बटण दोन-तीन सेकंद दाबून धरले असते, तर पूर्ण पडदा व्यापणारे ते चित्र लहान झाले असते, आणि ब्राउझर बंद करता आला असता.’ तेव्हापासून रात्री जाग आली की मला ते बटण डोळ्यांसमोर दिसते.

महोदय, पडद्यावर अशा आपोआप उघडणाऱ्या खिडकीला ‘पॉप-अप’ म्हणतात. मी तीस वर्षे मुलांना कागदाचे पॉप-अप, म्हणजे घडी उघडली की उभी राहणारी चित्रे, शिकवले, म्हणून ‘पॉप-अप’ हा शब्द माझ्या तोंडून अशा प्रसंगी निघावा याचे मला वेगळे दुःख आहे. जाड कार्डपेपर घ्यायचा, शाई संपलेल्या बॉलपेनने घडीची रेघ दाबून घ्यायची, मधल्या घडीवर दोन समांतर काप देऊन तेवढी पट्टी आतल्या बाजूने उलटी दुमडायची आणि कार्ड उघडायचे, की पायरी उभी राहते. त्या पायरीवर गणपतीचे चित्र चिकटवले की आठवीतली मुलेसुद्धा ते कार्ड दहा वेळा उघडझाप करत बसत. या कलेला मोठी परंपरा आहे. सोळाव्या शतकात युरोपात शरीररचनेच्या चित्रांवर कागदी झडपा चिकटवत, आणि एकेक झडप उचलली की त्वचेखालचे अवयव दिसत. एकोणिसाव्या शतकात म्युनिकच्या लोथार मेगेनडॉर्फरने तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी वापरून अशी पुस्तके केली, की एक पट्टी ओढली तर चित्रातल्या माणसाचे हात, मान, डोळे एकदम हलत. ‘पॉप-अप’ हा शब्द अशा पुस्तकांसाठी रूढ झाला तो 1930 च्या दशकात, न्यूयॉर्कच्या ब्लू रिबन या प्रकाशनामुळे. या सगळ्या पुस्तकांत पान उघडणारा हात वाचणाऱ्याचा असतो. मुलाने पुस्तक मिटले की राजवाडा मिटतो. मिटल्यानंतर तो राजवाडा त्याच्या अंगावर धावून आला, असे कधी झाले नाही.

पडद्यावरच्या पॉप-अपचा इतिहास मात्र वेगळा आहे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ट्रायपॉड या कंपनीत काम करणाऱ्या ईथन झकरमन यांनी जाहिरातीसाठी स्वतंत्र खिडकी उघडणारा कोड लिहिला. मूळ पानावरचा मजकूर आणि जाहिरात यांचा संबंध जोडला जाऊ नये, एवढाच त्यांचा हेतू होता. लोक इतके त्रासले की ब्राउझर बनवणाऱ्यांना अशा खिडक्या अडवण्याची सोय द्यावी लागली. 2004 मध्ये मायक्रोसॉफ्टनेही ती विंडोज एक्सपीच्या सुधारणेबरोबर दिली. 2014 मध्ये झकरमन यांनी जाहीर लेख लिहून माफी मागितली. तोवर जाहिरातदारांनी खिडकी सोडून थेट पानाच्या आतच चौकटी उभ्या करायला सुरुवात केली होती, आणि त्या अडवणे जुन्या सोयीच्या हातात राहिले नव्हते.

आता आपल्या खात्याकडे वळते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत फसवणुकीच्या रचनेचे 13 प्रकार दिले आहेत. मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, दोन ठिकाणी शब्दकोश घेऊन वाचली. फुली दाबल्यावर खिडकी बंद होण्याऐवजी दुसरी जाहिरात उघडणे, हे त्यांत उदाहरण म्हणून दिलेले आहे. ‘नाही’ म्हणायची सोय न ठेवता नोटिफिकेशन चालू करा, कुकीज (संकेतस्थळाने आपल्या संगणकात ठेवायच्या नोंदी) स्वीकारा असा तगादा लावणे हेही आहे. तेरावा प्रकार तर संगणकात व्हायरस असल्याची खोटी भीती घालून पैसे उकळण्याचा आहे. म्हणजे माझ्यावर जे गुदरले त्याचे वर्णन सरकारने माझ्या दोन वर्षे आधी लिहून ठेवले होते. मग ते लिहून काय झाले? जून 2025 मध्ये कंपन्यांना सांगितले गेले, की तीन महिन्यांत आपापली तपासणी आपणच करा. नोव्हेंबरमध्ये 26 कंपन्यांनी आपण स्वच्छ असल्याचे स्वतःच जाहीर केले. मी आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. मुलाला त्याचाच पेपर तपासायला देऊन त्याने घातलेले गुण निकालपत्रकात चढवले असते, तर मला शाळेने एक दिवस ठेवले नसते.

आपण म्हणाल, माझे पैसे नेणारे भामटे आहेत, त्यांचा विचार पोलीस करतील. पण ती हिरवी चौकट ज्या संकेतस्थळावर होती त्याने ती जागा विकली, मधल्या जाहिरात कंपनीने ती विकत घेऊन दिली, आणि दोघांनी पैसे घेतले. त्या दोघांना कोणी एक प्रश्न तरी विचारला का? बँकेने मला सांगितले, ‘ओटीपी तुम्हीच दिलात, हा तुमचा निष्काळजीपणा.’ रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान, बँकेला कळवेपर्यंतचे सगळे, ग्राहकाच्या माथी बसते. मी रडतच विचारले, की भोंगा वाजवून, फुली खोटी लावून, अनोळखी भाषेत धमकावून एखाद्या बाईची मती गुंग केली, तर निष्काळजी कोण? त्यांनी पुढच्या ग्राहकाला हाक मारली. पोलीस ठाण्यात माझी तक्रार नोंदवून घेणारा मुलगा सभ्य होता, पण त्यानेही शेवटी, ‘काकू, यापुढे काळजी घ्या,’ एवढेच सांगितले.

काळजी किती घ्यायची? या प्रसंगानंतर मी एका सकाळी वही घेऊन बसले आणि पडद्यावर आपोआप उगवणाऱ्या चौकटी मोजल्या. विजेचे बिल, एसटीचे वेळापत्रक, दोन बातम्या आणि एक पाककृती एवढे पाहायला 40 मिनिटे लागली आणि 23 चौकटी बंद कराव्या लागल्या. त्यांतल्या नऊ चौकटींची फुली पांढऱ्यावर फिकट राखाडी होती, चष्मा लावूनही ती चटकन दिसत नव्हती. मराठी बातमीवरच्या चौकटीसुद्धा इंग्रजीत होत्या. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मागणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचायची सोय असावी असे म्हटले आहे. मराठी त्या 22 मध्ये आहे, पण त्या 23 चौकटींपैकी एकीवरही ती नव्हती.

आम्हाला पेन्शन, बिले, सातबारा, मुलांचे प्रवेश, सगळ्यासाठी या पडद्यासमोर आणून बसवले ते सरकारनेच. खिडकीवरचा माणूस ‘ऑनलाइन करा’ म्हणतो आणि आम्ही करतो. ज्या रस्त्यावरून जायची सक्ती आहे, त्या रस्त्यावरचा दिवा लावायची जबाबदारीही सक्ती करणाऱ्याची आहे, आणि ती झटकून वर आम्हालाच सावधगिरीचे धडे देणाऱ्या व्यवस्थेवरचा माझा विश्वास आता उडत चालला आहे.

माझे मागणे मोठे नाही. प्रत्येक चौकटीची फुली ठळक, ठरावीक आकाराची आणि खरी असावी. तिच्याशेजारी वाचणाऱ्याच्या भाषेत ‘बंद करा’ असे शब्द असावेत. फसवी जाहिरात ज्या संकेतस्थळावर दिसली त्यालाही जबाबदार धरावे. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 21 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तो या खोट्या चौकटींसाठी किती जणांना झाला, त्याचा आकडा दर तिमाहीस प्रसिद्ध करावा. कंपन्यांची तपासणी कंपन्यांनी न करता आपल्या खात्याने करावी.

हयातीचा दाखला मी शेवटी 28 नोव्हेंबरला बँकेत जाऊन, यादीत नाव शोधून, सही करून दिला. पुढच्या वर्षी तो घरबसल्या देण्याचे धाडस मला होईल का, हे आपल्या उत्तरावर अवलंबून आहे. उत्तर मराठीत पाठवावे.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
जिल्हा सांगली