आई-बाबांना पत्र: उत्तरेच्या जंगलाकडे निघण्यापूर्वी

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

फोनवर हे नीट बोलणे होत नाही. आई गप्प होते आणि बाबा, तुम्ही लगेच पासपोर्टची मुदत विचारता, म्हणून सविस्तर लिहिते. स्वीडनमधील उमेओ येथील कृषी विज्ञान विद्यापीठाला मी होकार कळवला आहे. उत्तरेकडील सूचिपर्णी जंगलांच्या परिसंस्थेवर पीएच.डी. करण्यासाठी ऑगस्टअखेर निघायचे आहे. तुम्हा दोघांना सोडून इतक्या दूर जायचे, या विचाराने कितीतरी रात्री मला झोप लागलेली नाही.

"आपल्याकडे जंगले नाहीत का?" हा आईचा प्रश्न रास्त आहे. पण बाबा, कासच्या सड्यावर तुम्हीच मला गुडघे टेकायला लावून दवबिंदू नावाच्या कीटकभक्षी रोपट्याच्या पानाला चिकटलेले चिलट दाखवले होते आणि सांगितले होते, की कातळावरच्या या मातीत नत्र फार थोडा असतो, म्हणून हे रोपटे किडे धरते. उत्तरेच्या जंगलातही नत्राची अशीच चणचण असते. तिथे पाइन आणि स्प्रूसच्या खाली जमिनीवर जे शेवाळ पसरलेले असते, त्याच्या इवल्या पानांवर नीलहरित जीवाणू राहतात आणि हवेतला नत्र धरून देतात. मुळांच्या टोकांवर बुरशीचे आवरण असते; तिचे धागे मातीतून नत्र शोधून आणतात आणि त्या बदल्यात झाडाकडून साखर घेतात. थंडीमुळे पाला फार सावकाश कुजतो, त्यामुळे तिथल्या मातीत झाडांपेक्षाही अधिक कार्बन साठून राहिलेला आहे. तो प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा वेगाने तापतो आहे, आणि हा साठा हवेत गेला तर वाढणाऱ्या उष्म्यातून आपला साताराही सुटणार नाही. उमेओजवळच्या स्वार्टबेरियेट संशोधन केंद्रात पाण्याच्या आणि हवामानाच्या कित्येक दशकांच्या नोंदी आहेत. दोन-चार वर्षांच्या नोंदींवर असा प्रश्न सुटत नाही, म्हणून तिथेच जाणे भाग आहे.

पैशांची काळजी करू नका. तिथे पीएच.डी.ला शुल्क नसते आणि विद्यार्थ्याला नोकरीसारखा पगार मिळतो, त्यामुळे घरावर कर्ज काढायचा विषयच नको. अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. आई, हिवाळ्यात तिथे दिवस जेमतेम साडेचार-पाच तासांचा असतो हे खरे, पण घरे आतून उबदार असतात, खिडक्यांना दुहेरी-तिहेरी काचा असतात, आणि जाड बूट व लोकरीचे कपडे मी तिथेच घेणार आहे. मेतकूट, कुळथाचे पीठ आणि तुझा काळा मसाला नेईन. कंदी पेढे आणि तूप मात्र नेता येणार नाही, कारण बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपात मनाई आहे. तेव्हा पेढे निघण्यापूर्वीच तुझ्या हातून खाईन. ताप आल्यावर तू कपाळावर हात ठेवून बसायचीस तसे तिथे कोणी बसणार नाही, हे आतापासूनच जाणवते आहे. आजारी पडले तर लगेच कळवीन, लपवणार नाही. तुम्हीही माझ्यापासून काही लपवायचे नाही.

आता मी सांगते ते दोघांनी ऐकायचे. बाबा, अनशापोटी अजिंक्यतारा चढणे बंद करा. साखर उतरली तर वाटेत कोण धरणार? खिशात बिस्किटांचा पुडा हवाच. आई, पावसाळ्यात टाकी बघायला गच्चीवर जायचे नाही, ते काम शेजारच्या पोराला सांग, आणि गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी घेतलेला नाही. रात्री आठला मी रोज फोन करीन. तेव्हा तिथे उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेतीन वाजलेले असतील, म्हणजे मला सवड असेल. माझ्या जाण्याचा राग आला असेल तर तो फोनवर काढा, पण जेवण टाळू नका. बाबांची रक्ततपासणी या महिन्यात राहिली आहे, ती येत्या सोमवारी करून घ्या आणि अहवालाचा फोटो त्याच दिवशी मला पाठवा.

तुमची,
रेवा