हट नको, निदान वही तरी ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत न्यूझीलंड आलं की क्वीन्सटाउन, बंजी जंपिंग आणि मिलफर्ड साउंडची बोट यापलीकडे गाडी सरकतच नाही, म्हणून म्हटलं तिथल्या डोंगरातल्या हट्सबद्दल (मुक्कामाची साधी खोपटी) आणि त्यातल्या वहीबद्दल आपणच लिहावं. लेकीकडे ऑकलंडला गेले होते, तिला काही रजा मिळेना, मग मी साउथ आयलंडला एकटीच गेले, भाड्याची गाडी घेतली आणि वेस्टपोर्टपासून हास्टपर्यंत समुद्राच्या कडेकडेने उतरत गेले. साठीला आलेली बाई एकटी गाडी चालवतेय याचं तिथे कोणाला काही वाटलं नाही, इथे परत आल्यावर मात्र सोसायटीत अजून "एकटीच? खरंच?" चालू आहे.

रस्ता म्हणाल तर सोपा, आपल्यासारखं डावीकडूनच चालवायचं आणि इंग्रजीतलं लायसन्स असलं की झालं. पूल मात्र बरेचसे एकाच लेनचे, पाटीवर मोठा पांढरा बाण आपल्या दिशेचा असेल तर आपण आधी, छोटा लाल असेल तर गपचूप थांबायचं, आणि लोक खरंच थांबतात हो, हॉर्न नाही काही नाही. हास्टचा पूल तर ७३७ मीटर लांब आणि तोही एका लेनचा, मध्ये साइड द्यायला जागा केलीय. पुनाकाईकीचे पॅनकेक रॉक्स बघायचे तर भरतीची वेळ बघून जा, चुनखडीच्या थरांमधल्या भोकांतून पाणी उसळतं ते तेव्हाच, ओहोटीला गेलात तर नुसते दगड बघून याल. फॉक्स ग्लेशियर गावात टाकी फुल करा, पुढे हास्टपर्यंत साधारण १२० किमी पंप आणि मोबाइलची रेंज दोन्ही गृहीत धरू नका. हा रस्ता सलग जोडला गेला तोच मुळी १९६५ मध्ये.

पण मला लिहायचंय ते डोंगरातल्या हट्सबद्दल. फॉक्सच्या पुढे हायवेवरूनच कोपलँड ट्रॅक सुरू होतो, १८ किमी, सात तास धरा (मला जास्त लागले), झुलते पूल, ओढे, आणि शेवटी वेलकम फ्लॅट हट. बाजूलाच गरम पाण्याची कुंडं आहेत, पाय सोडून बसायचं, फक्त सँडफ्लाय नावाची एवढीशी माशी असा चावा घेते की आपले डास परवडले. हटमध्ये बंक, गादी, पाणी, बाहेर संडास, बस. जेवण, स्लीपिंग बॅग आपलं आपण आणायचं, कचरा आपला आपण खाली न्यायचा. या हटला बुकिंग लागतं, पण बऱ्याच साध्या हट्सना लागत नाही, आधीच तिकीट विकत घ्यायचं आणि तिथल्या डब्यात टाकायचं. बघायला कोणी असेलच असं नाही.

असे ९५० च्या वर हट्स तिथलं संवर्धन खातं चालवतं. गंमत म्हणजे यातले कितीतरी आपल्यासारख्या हौशी लोकांसाठी बांधलेलेच नाहीत. इंग्रजांनी शिकारीसाठी लाल हरणं आणून सोडली, त्यांना खाणारा प्राणी तिथे नाही, त्यांनी जंगलाचा फडशा पाडला, मग सरकारने ती मारायला पगारी शिकारी नेमले आणि त्यांना राहायला १९५० नंतर वनखात्याने डोंगरभर खोपटी उभारली. १९८७ ला हे नवं संवर्धन खातं आलं आणि हा वारसा त्यांच्याकडे गेला.

आता सह्याद्रीत असे हट बांधा असं मी मुळीच म्हणणार नाही. बांधले की टाइल्स येणार, कोनशिला येणार, वर्षभरात दारं गायब होणार, आणि पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी करून घालणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय येणार तो वेगळाच. मला हवी आहे ती तिथली वही. प्रत्येक हटमध्ये एक वही असते, नाव, तारीख, किती जण, पुढे कुठे जाणार, वाटेची आणि हवेची अवस्था, सगळं लिहायचं. ज्याला राहायचं नाही त्यानेही लिहायचं. माणूस बेपत्ता झाला की शोधपथक आधी या वह्या उलटतं, शेवटची नोंद कुठे आहे बघतं आणि तिथून पुढचाच डोंगर पिंजतं. अर्थात वही तुमची वाट बघत बसत नाही, परतायची वेळ घरी कोणाला तरी सांगूनच जायचं असतं, मी लेकीला सांगितली होती आणि तिने वर आणखी चार सूचना दिल्या.

आपल्याकडे काही ठिकाणी गडाच्या पायथ्याला प्रवेशाची पावती फाडतात. त्यावरून कळतं किती पैसे जमले, पण कोण कुठल्या वाटेने गेलं आणि खाली आलं की नाही हे कळत नाही. हरिश्चंद्रगडाचंच घ्या, पाचनई गावाकडून वर गेलेला माणूस खिरेश्वरला उतरला की नळीच्या अवघड वाटेला लागला, कोण सांगणार? दर पावसाळ्यात कोणीतरी हरवतं आणि बचावाची पोरं रात्रभर धुक्यात अंदाजाने हाका मारत फिरतात.

वनखात्याने एवढंच करावं, पावतीच्या टेबलावर एक वही ठेवावी, त्यात वाट, मुक्काम, परतायची वेळ आणि घरचा फोन लिहून घ्यावा, आणि तशीच एक वर गडावर, पाऊस लागणार नाही अशा डब्यात. वह्या-पेनं आम्ही ट्रेकर मंडळी वर्गणी काढून आणून देऊ, डबा कुठे ठेवायचा तेवढं सांगा.

आपली,
एक वाचक, डोंबिवली