मार्नरला विकायचा दिवस कोणता होता?

पुणे,
७ जुलै २०२५

प्रिय अवधूत,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. आइस हॉकीपटू मिच मार्नर टोरंटो सोडून व्हेगासच्या संघात गेला म्हणून तू सुटकेचा नि:श्वास टाकला आहेस आणि त्याच दमात संघातल्या ऑस्टन मॅथ्यूजलाही काढा म्हणतो आहेस. मिसिसागात राहून टोरंटो मेपल लीफ्सवर जीव टाकायचा आणि दर वसंतात तोच निकाल सोसायचा, तेव्हा राग येणारच. पण मला तुझं म्हणणं अर्धंच पटतं. मार्नरला विकायला हवं होतं, हे खरं. मात्र प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, हरलो म्हणून नव्हे, आणि २०२५ मध्ये तर मुळीच नव्हे. त्याला विकायचा योग्य काळ जून २०२३ हा होता.

आधी त्याच्या खेळाचा हिशेब बघू, कारण ‘मोठ्या सामन्यात कच खातो’ हे वाक्य तू चारदा लिहिलं आहेस. टोरंटोकडून नियमित हंगामात मार्नर ६५७ सामने खेळला. त्यात २२१ गोल आणि ५२० असिस्ट, म्हणजे गोल करून देणारे पास. प्लेऑफमध्ये ७० सामने, १३ गोल, ५० असिस्ट. आता हे आकडे एका मापात आणून बघ. नियमित हंगामाच्या वेगाने ७० सामन्यांत त्याचे साधारण २३-२४ गोल आणि ५५ असिस्ट व्हायला हवे होते. म्हणजे असिस्ट जवळपास होते तसेच राहिले, पण गोल दहाने कमी पडले. सत्तर सामन्यांत दहा, म्हणजे सात सामन्यांच्या पूर्ण मालिकेमागे एक गोल.

एक गोल म्हणजे काही नाही असं वाटेल. पण २०२२ मध्ये टॅम्पा बेविरुद्धचा सातवा सामना टोरंटो २-१ ने हरला आणि २०२४ मध्ये बॉस्टनविरुद्धचा सातवा सामनाही २-१ नेच, ओव्हरटाइममध्ये. तेव्हा उणीव खरी आहे, पण ती नेमकी कुठली हे ओळखायला हवं. प्लेऑफमध्ये समोरचा संघ दोन आठवडे तोच असतो. त्याचे प्रशिक्षक तुमच्या पॉवर प्लेची (समोरचा एक खेळाडू शिक्षेपायी बाहेर असतानाच्या खेळाची) प्रत्येक फिरकी व्हिडिओवर पाहून मोकळे झालेले असतात. गोलपोस्टसमोरची जागा मोठ्या शरीराचे डिफेन्समन बंद करून टाकतात. मार्नर कडेवरून, बोर्डच्या (मैदानाच्या कुंपणाच्या) जवळून पक, म्हणजे रबरी चकती, फिरवणारा खेळाडू. त्याचा पास अजूनही पोचतो, पण त्याला स्वतःला आत शिरून मारायला जागा उरत नाही. २०२४ मध्ये बॉस्टनविरुद्ध टोरंटोने २१ पॉवर प्लेमध्ये एकच गोल केला. तो दोष एका माणसाचा नव्हता. पाचही जण बाहेरच्या बाहेर पक फिरवत होते आणि गोलीच्या (गोलरक्षकाच्या) डोळ्यांसमोर कोणी उभंच राहत नव्हतं.

शिवाय एका मालिकेवरून खेळाडूचा स्वभाव ठरवणं किती धोक्याचं, याचंही गणित सोपं आहे. एखादा चांगला फॉरवर्ड शंभर फटक्यांत बारा गोल करतो असं धर. सात सामन्यांत त्याच्या वाट्याला साधारण अठरा फटके येतात. त्या अठरांतला एकही आत न जाण्याची शक्यता दहात एक आहे. म्हणजे दहा उत्तम फॉरवर्ड घेतले, तर त्यांतला एखादा कुठलीही चूक न करता पूर्ण मालिका कोरडा जाणार. वर्तमानपत्रं त्यालाच धरून बसतात. म्हणून माझा नियम असा आहे की एका मालिकेवर काही ठरवायचं नाही, पन्नास प्लेऑफ सामने झाले की मगच कल बघायचा. मार्नरच्या बाबतीत तो कल २०२३ पर्यंत दिसू लागला होता.

आता तारखा बघ, कारण सगळं तिथेच अडकलं. सप्टेंबर २०१९ मध्ये मार्नरने सहा वर्षांचा करार केला, वर्षाला सुमारे १ कोटी ९ लाख डॉलरचा. त्या वर्षी एनएचएल या लीगची प्रत्येक संघासाठीची पगारमर्यादा, म्हणजे कॅप, होती ८ कोटी १५ लाख. मॅथ्यूज, टावारेस, मार्नर आणि नीलँडर या चौघांचेच मिळून ४ कोटी डॉलरच्या वर जात होते. निम्मी थैली चार फॉरवर्डांत. पाठोपाठ कोविड आला आणि जी कॅप दरवर्षी वाढेल असं गृहीत धरलं होतं, ती गोठली. २०२२-२३ मध्येही ती ८ कोटी २५ लाखांवरच होती. बचावफळी आणि गोली यांच्यावर काटकसर झाली ती यामुळे.

त्या करारात आणखी एक कलम होतं. खेळाडू सात हंगाम खेळला किंवा सत्तावीस वर्षांचा झाला की मुक्त होण्यास, म्हणजे करार संपल्यावर हव्या त्या क्लबकडे जाण्यास, पात्र ठरतो, आणि त्या टप्प्यानंतरच्या वर्षांसाठीच त्याला ‘नो-मूव्ह’ कलम लागू करता येतं. मार्नरचे सात हंगाम २०२३ मध्ये पूर्ण झाले. १ जुलै २०२३ पासून त्याच्या लेखी संमतीशिवाय क्लबला त्याला कुठेही पाठवता येत नव्हतं. ही तारीख करारावर सही झाली त्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होती.

आणि त्याच वेळी क्लबमध्ये काय चाललं होतं? मे २०२३ मध्ये फ्लोरिडाने टोरंटोला पाच सामन्यांत गुंडाळलं. १९ मेला जनरल मॅनेजर काइल डूबस यांना निरोप दिला गेला. ३१ मेला ब्रॅड ट्रेलिव्हिंग यांची नेमणूक जाहीर झाली. ज्या महिन्यात मार्नरचा निर्णय घ्यायचा, त्या महिन्यात नवा माणूस अजून खुर्चीत स्थिरावत होता. मला सगळ्यात जास्त चुटपुट लागते ती याचीच. व्यवस्थापन बदलायचं असेल तर ते अशा तारखेच्या तोंडावर बदलू नये. बदललंच, तर येणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी विचारायला हवं की तीस दिवसांत मार्नरचं काय करणार?

जून २०२३ चा मार्नर विक्रीसाठी कसा होता बघ. वय २६, नुकतेच ९९ गुण (गोल अधिक असिस्ट) केलेले, बचावातही उत्तम असलेल्या फॉरवर्डला मिळणाऱ्या सेल्की पुरस्काराच्या अंतिम तिघांत नाव, आणि करार अजून दोन वर्षं ठरलेल्या दराने. घेणाऱ्याला दोन प्लेऑफची खात्री. एक अडचण मात्र होती. त्याच्या पगाराचा बराच भाग १ जुलैला बोनस म्हणून द्यायचा असे. बोनस आपण भरून मग खेळाडू दिला, तर घेणाऱ्याला रोख कमी लागते आणि तो जास्त मोबदला देतो. पण इथे बोनसची आणि नो-मूव्ह कलमाची तारीख एकच. म्हणजे बोनस घेणाऱ्याच्या गळ्यात पडणार हे मान्य करून, थोडं कमी घेऊन, जूनच्या शेवटच्या आठवड्यात ड्राफ्टच्या, म्हणजे क्लब क्रमाने नवोदित खेळाडू निवडतात त्या, वेळी व्यवहार उरकायला हवा होता. त्या आठवड्यात सगळ्या क्लबांकडे ड्राफ्टचे क्रमांक हातात असतात आणि पुढच्या वर्षाची कॅप मोकळी असते.

त्यानंतर प्रत्येक महिन्याला भाव उतरत गेला. मार्च २०२५ मध्ये कॅरोलायनाने मिको रँटानेनच्या बदल्यात मार्नर मागितल्याच्या बातम्या सगळीकडे छापून आल्या. मार्नरने संमती दिली नाही, आणि तो त्याचा हक्कच होता. कॅरोलायनाने ७ मार्चला रँटानेन डॅलसला दिला आणि लोगन स्टॅन्कोव्हेन, पहिल्या फेरीचे दोन व तिसऱ्या फेरीचे दोन ड्राफ्ट क्रमांक मिळवले. टोरंटोच्या पदरात काय पडलं? मार्नर मुक्त व्हायला काही तास उरले असताना, ३० जूनला, टोरंटोने त्याच्याशी आठ वर्षांचा, वर्षाला १ कोटी २० लाखांचा करार केला, लगेच तो व्हेगासला दिला आणि बदल्यात सेंटर (मधला फॉरवर्ड) निकोला रुआ घेतला. व्हेगासने रुआ दिला तो केवळ आठव्या वर्षासाठी, कारण तेव्हाच्या नियमाने मुक्त झालेल्या खेळाडूला नवा क्लब सातच वर्षं देऊ शकत होता, आठवं वर्ष फक्त जुन्या क्लबच्या हातात होतं. रुआ उपयोगी आहे, २०२३ चा स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं अजिंक्यपद, जिंकलेल्या संघात होता, ३० लाखांत मिळतो. पण नुकत्याच संपलेल्या हंगामात १०२ गुण केलेल्या माणसाची ती किंमत नव्हे. बैल गेला नि झोपा केला, तशातली गत.

विशेष म्हणजे नेमकी हीच करार-करून-देण्याची पद्धत ट्रेलिव्हिंग यांनी तीन वर्षांपूर्वी कॅल्गरीत वापरली होती. जुलै २०२२ मध्ये मॅथ्यू कचकने दीर्घ करार करणार नाही असं कळवलं. तो अजून बंधनातला खेळाडू होता, त्याचे हक्क क्लबकडेच होते, म्हणून सौदा करायला ताकद होती. कॅल्गरीने त्याच्याशी आठ वर्षांचा, वर्षाला ९५ लाखांचा करार करून त्याला फ्लोरिडाला दिलं आणि जोनाथन ह्युबर्डो, मॅकेन्झी वीगर, कोल श्विंट आणि पहिल्या फेरीचा एक क्रमांक घेतला. त्या दिवशी कॅल्गरीने उत्तम निभावलं असंच बहुतेकांचं मत होतं.

फ्लोरिडाची बाजू तुझ्या प्रश्नाला थेट लागू पडते. २०२१-२२ मध्ये फ्लोरिडा १२२ गुणांसह सगळ्या लीगमध्ये पहिला होता, ह्युबर्डोने ११५ गुण केले होते, आणि दुसऱ्या फेरीत टॅम्पाने त्यांना ४-० धुतलं. चार सामन्यांत फ्लोरिडाचे गोल तीन. फ्लोरिडाचे जनरल मॅनेजर बिल झिटो यांनी तेव्हा आपला सगळ्यात मोठा आकडा असलेला खेळाडू विकला आणि पुढे २०२३ ची अंतिम फेरी, २०२४ व २०२५ चे कप आले. यावरून ‘हरलं की तारा विका’ असा धडा घेऊ नकोस. ह्युबर्डो २९ वर्षांचा होता आणि करार एकच वर्ष उरला होता. कचक २४ वर्षांचा, आठ वर्षं बांधलेला, आणि गोलीसमोर उभं राहून धक्काबुक्कीतून गोल करणारा. वय कमी, करार लांब, आणि संघात नेमकी जी उणीव होती ती भरून काढणारा. तिकडे कॅल्गरीने ह्युबर्डोला वर्षाला १ कोटी ५ लाखांचे आठ वर्षांचे नवे पैसे दिले आणि पहिल्याच वर्षी तो ११५ वरून ५५ गुणांवर आला. दोन्ही संघांनी वेळ साधली होती. फरक पडला तो काय घेतलं यात.

संख्येला भुलून फसल्याचं जुनं उदाहरण बॉस्टनचं. २००४ मध्ये जो थॉर्नटनला माँट्रियलविरुद्धच्या सात सामन्यांत एकही गुण मिळाला नाही, आणि तो बरगड्यांच्या दुखापतीसह खेळत होता हे लोक विसरले. ३० नोव्हेंबर २००५ ला, हंगाम चालू असताना, संघ हरत असताना त्याला सॅन होजेला दिलं आणि तीन बरे खेळाडू घेतले. थॉर्नटनने त्याच हंगामात १२५ गुणांसह लीगचा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. एका सामन्यात वीसच खेळाडू उतरतात आणि वेळ साठच मिनिटं असतो. तीन बऱ्या खेळाडूंना ती मिनिटं वाटून दिली की एका उत्तम खेळाडूची मिनिटं कमी होतात. २०१३ मध्ये त्याच बॉस्टनने २२ प्लेऑफ सामन्यांत एकच गोल केला म्हणून २१ वर्षांच्या टायलर सेगिनला डॅलसला दिलं आणि पुढच्याच हंगामात त्याने ३७ गोल केले.

ज्यांनी विकलं नाही तेही बघ. टॅम्पा २०१९ मध्ये ६२ सामने जिंकून, १२८ गुण घेऊन पहिल्याच फेरीत कोलंबसकडून ४-० हरला. त्यांनी कुचेरोव्ह, स्टॅमकोस, पॉइंट, हेडमन सगळ्यांना ठेवलं आणि तिसरी फळी बदलली. पॅट मरून आणला, मग फेब्रुवारी २०२० मध्ये कोलमन आणि गुड्रो यांच्यासाठी पहिल्या फेरीचे क्रमांक मोजले. २०२० आणि २०२१ दोन्ही कप त्यांचे. वॉशिंग्टनने ओव्हेचकिनला तेरा वर्षं धरून ठेवलं आणि २०१८ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तो प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

तर मॅथ्यूज. मला तरी आत्ता त्याला विकण्यात काहीच शहाणपण दिसत नाही. २०२५ च्या प्लेऑफच्या १३ सामन्यांत त्याचे ३ गोल झाले हे बरोबर, पण हंगामभर तो दुखापतीशी झगडत होता, आणि आधीच्याच वर्षी त्याने ६९ गोल केले होते. त्याच्याकडेही पूर्ण नो-मूव्ह कलम आहे, म्हणजे दुखऱ्या वर्षानंतर, त्याच्याच पसंतीच्या दोन-तीन क्लबांशी भाव करावा लागेल. शिवाय तो सेंटर आहे. पहिल्या फळीचा विंगर बाजारात कधी ना कधी मिळतो, तसा सेंटर क्वचितच मिळतो. टावारेस सप्टेंबरमध्ये पस्तिशी गाठेल, त्याच्यावर ते ओझं टाकता येणार नाही.

मॅथ्यूजचा करार २०२७-२८ ला संपतो आणि वाढीव करारावर सही करता येईल १ जुलै २०२७ पासून. म्हणून २०२६ च्या उन्हाळ्यातच त्याच्या एजंटला स्पष्ट विचारावं की राहायचं आहे का. उत्तर संदिग्ध आलं, तर २०२७ च्या ड्राफ्टआधी त्याच्याकडून क्लबांची यादी घ्यावी आणि तेव्हा विकावं, पूर्ण एक वर्ष शिल्लक असताना. उत्तर ‘हो’ आलं, तर पुढच्या करारात नो-मूव्ह कलम शेवटच्या दोन वर्षांत सैल करून घ्यावं, दहा-बारा क्लबांच्या यादीपुरतं. त्यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. २०२५-२६ साठी कॅप ९ कोटी ५५ लाखांवर गेली आहे आणि आणखी वाढणार आहे.

मार्नरचे मोकळे झालेले पैसे बरेचसे मॅथ्यू नाइसच्या ७७ लाख ५० हजारांत गेलेच आहेत, आणि तो खर्च मला पूर्ण पटतो, कारण गोलीसमोर उभा राहणारा तोच आहे. ऑक्टोबरमध्ये खेळ सुरू झाला की गोलफलकाआधी दोन गोष्टींकडे लक्ष ठेव: पॉवर प्लेमध्ये बोर्डजवळची मार्नरची जागा कोण घेतो, आणि एक खेळाडू कमी असताना बर्फावर पहिल्यांदा कोणाला उतरवतात. दुसऱ्याची चर्चा कमी होईल, पण तिथे मार्नरची मिनिटं भरून काढणं जास्त अवघड जाणार आहे. पहिले दहा सामने झाले की तुला काय दिसलं ते सविस्तर लिही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
हेमंत