भात बुडालं वाटेकऱ्याचं, भरपाई उताऱ्यावाल्याला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलै आला की बेळगावच्या बळ्ळारी नाल्याची बातमी पेपरात येतेच, अनगोळ, शहापूर, वडगाव, येळ्ळूर शिवारात पाणी, भात पाण्याखाली, सोबत फोटो. पण फोटोतलं ते भात कसतो कोण हे कोण विचारत नाही. आमच्याकडं कितीतरी जमीन वाट्यानं नाहीतर खंडानं केली जाते, मालक नोकरीपायी बाहेरगावी, आणि बियाणं, खत, लागणीची मजुरी सगळं कसणाऱ्याच्या खिशातनं. पाणी काय उताऱ्यावरचं नाव बघून शेतात शिरत नाही, भरपाई मात्र तेच नाव बघून खात्यात जाते.

यात तलाठ्याला बोलून उपयोग नाही. कर्नाटकात 1974 च्या दुरुस्तीपासून शेतजमीन खंडानं द्यायलाच बंदी आहे, सैनिकांसारखे थोडे अपवाद सोडून. कायदा कुळांच्या भल्याचा होता, त्यानं कितीकांना जमिनी मिळाल्या हे मान्यच, पण खंडाचा व्यवहार काय थांबला नाही, तो तोंडी झाला एवढंच. मालक कागद करून देत नाही, उद्या जमिनीवर हक्क सांगितला तर म्हणून भितो. कागद नाही म्हणून बँकेचं पीककर्ज नाही, मग लागणीला हातउसने नाहीतर व्याजानं, आणि पीक कुजलं की तेच व्याज दुबार लागणीच्या खर्चासकट डोक्यावर. एकाच बांधाच्या दोन बाजूला सारखंच पाणी, पण बुडतो तो वाटेकरी.

आणि भरपाई तरी केवढी हो! 2022 ते 26 साठीच्या केंद्राच्या आपत्ती निधीच्या नियमात कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8500 रुपये, म्हणजे गुंठ्याला 86, तेपण नुकसान 33 टक्क्यांच्या वर असलं तर. राज्य कधी त्यात भर घालतं. काही मालक त्यातलं वाटेकऱ्याला आपणहून देतात, त्यांचं कौतुकच आहे, पण ज्याचा मालक देत नाही त्यानं कुणाकडं जायचं?

आंध्रात 2019 च्या कायद्यानं कसणाऱ्याला 11 महिन्यांचं कार्ड मिळतं, जमिनीवर हक्क लागत नाही, पण कर्ज, विमा, नुकसानभरपाई त्यावर मागता येते. मालकाची संमती तिथंही लागते, तरी कागद तर होतो. आपल्या आमदारांनी हा विषय अधिवेशनात मांडावा. तोपर्यंत निदान सर्व्हेच्या वेळी बांधाशेजारच्या दोघांना विचारून पीक कुणाचं ते पंचनाम्यात लिहावं, आणि नाल्यातला गाळ अन् जलपर्णी मृगाच्या आधी काढावी.

आपला,
एक वाटेकरी शेतकरी, वडगाव, बेळगाव