डोळे मिटले की अल्फा दिसणारच!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ध्यानशिबिरांवरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. शिबिराला आलेल्या एका बाईंच्या मेंदूचे, शिबिरापूर्वीचा आणि ध्यान चालू असतानाचा असे दोन आलेख शेजारी शेजारी छापून ‘अल्फा लहरी वाढल्या, मन शांत झाले’ असा निष्कर्ष काढला आहे. पहिला आलेख घेताना त्या बाई आयोजकांशी बोलत होत्या, असे लेखातच म्हटले आहे. म्हणजे डोळे उघडे. दुसऱ्या वेळी मिटलेले. अल्फा वाढली नसती तरच नवल!

हा फरक ईईजीइतकाच, म्हणजे मेंदूच्या विद्युत आलेखाइतकाच, जुना आहे. जर्मनीतल्या येना इथले मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचा पहिला विद्युत आलेख घेतला आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. जागा माणूस डोळे मिटून स्वस्थ पडला की सेकंदाला दहाच्या आसपास लाटा (याच अल्फा लहरी), डोळे उघडले की त्या नाहीशा. अनेकांना ते खरे वाटेना. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज या शास्त्रज्ञांनी पडताळा घेतला, तेव्हा कुठे पटले.

माझी सगळी नोकरी ईईजी काढण्यात गेली. पेशंटला डोके धुऊन, तेल न लावता यायला सांगायचे (तरी तेल चोपडून येणारे येतातच), पेस्ट लावून इलेक्ट्रोड बसवायचे आणि मग तेच पालुपद: ‘डोळे मिटा... उघडा... मिटा.’ मिटल्याबरोबर डोक्याच्या मागच्या बाजूच्या चॅनेलवर ८ ते १३ हर्ट्झच्या सुबक लाटा उठतात. तिथे दृष्टीचे केंद्र आहे. डोळ्यांकडून काम येईनासे झाले की तिथल्या पेशी एका ठेक्यात चालू लागतात. डोळे उघडताच लाटा विरतात. ध्यानाच्या वाटेला कधी न गेलेल्यांच्या आलेखातही हेच दिसते. उलट काही निरोगी माणसांत अल्फा जेमतेमच असते. त्यांना काय अशांत समजायचे?

दुसरी गोम डुलकीची. झापड आली की अल्फा तुटक होते आणि तिच्या जागी संथ थीटा लहरी येतात. लेखात त्यांनाच ‘खोल ध्यान’ म्हटले आहे. असेलही. पण आलेख घेणाऱ्याने त्या बाई जाग्या होत्या की नाही हे पाहिले होते का, याचा उल्लेख कुठेच नाही. आम्ही तर अशा वेळी पेशंटला हाक मारून पाहत असू.

माझा रोख ध्यानावर नाही, पुराव्यावर आहे. तुलना करायची तर त्याच व्यक्तीला तेवढाच वेळ डोळे मिटून नुसते बसवा, मग ध्यानाला बसवा, आणि दोन्ही वेळा जागेपणावर लक्ष ठेवा. पुढच्या वेळी असा आलेख छापताना निदान डोळे उघडे होते की मिटलेले, एवढे तरी चित्राखाली द्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त ईईजी तंत्रज्ञ, मिरज