पुण्याचं नाही म्हणून कळवलं

बिकानेर,
30 मे

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मुद्द्याचं आधीच लिहिते, नाहीतर बाबा शेवटचं पान अगोदर उघडतील. पुण्याच्या बदलीला मी नाही म्हणून कळवलंय. गेल्या सोमवारीच. अजून 3 वर्षं मी इथेच आहे.

आता घोटभर पाणी प्या आणि पुढे वाचा.

रविवारी फोनवर सांगणार होते, पण आईने ऑपरेशनचा विषय टाळायला भिशीतली भांडणं सांगायला घेतली आणि बाबांनी नुसतं "बरं, जेवलीस का?" म्हणून फोन ठेवला. तुमचं ते "बरं" ऐकलं की माझी अर्धी वाक्यं घशातच राहतात. म्हणून कागद.

कारणं द्यायची तर ढीगभर आहेत. पगार तोच आणि भाडं इथल्या अडीचपट. ऑफिस एका टोकाला, परवडेल ते घर दुसऱ्या टोकाला. दिवसभर पडद्यावर दुसऱ्यांच्या सोलर प्लांटचे आकडे बघायचे. इथे प्लांट माझ्या हाताखाली आहे, 14 माणसं माझं ऐकतात (घरात 2 ऐकत नाहीत, ते सोडा). बाबा महिन्याचा हिशेब लिहायचे तसे मी वहीत दोन रकाने केले होते. बिकानेरच्या रकान्यात खालपर्यंत मजकूर. पुण्याच्या रकान्यात एकच ओळ: "सांगली 4-5 तासांवर." त्या एका ओळीपायी कळवायला आठ दिवस लागले. दादाबद्दल मी काही लिहीत नाही, तुम्हीही मनात आणू नका. त्याचं त्याला, माझं मला.

आई, तुला वाटतं तशी मी इथे भाजून निघत नाहीये. पारा 46-47 वर जातो, खरं आहे. पण हवा कोरडी, आपल्यासारखी घामाची चिकचिक नाही, आणि कोरड्या हवेत कूलर असा काही गार करतो की पहाटे चादर ओढावी लागते. पहाटे साडेचारला उठते, सहाला प्लांटवर, दुपारी एकच्या आत घरी. खालच्या मजल्यावरच्या मासा, म्हणजे घरमालकीणबाई, मी आले की ताकाचा पेला घेऊन जिन्यातच उभ्या. "बाईसा, पहले छाछ." चप्पल काढायचीही सोय नाही.

बाबा नेहमी म्हणतात, एवढं ऊन म्हणजे तुमची चंगळ. तसं नाही हो. पॅनेलला उजेड लागतो, उष्णता सोसत नाही. 25 अंशांच्या वर जितकं तापेल तितकी वीज घटते. त्यात धूळ. इथे सोनं म्हणजे जानेवारीतलं गार, स्वच्छ ऊन. तेच ऊन तुमच्यासाठी राखून ठेवलंय, पुढे लिहिते.

परवा आंधी आली. चारच्या सुमारास आभाळ आधी हळदीसारखं पिवळं, मग एकदम काळं. खालून मासा ओरडल्या, "बाईसा, कपड़ा!" गच्चीवरून कपडे ओढून आणेपर्यंत दातांखाली रेती. खिडक्या बंद, फटींत ओली फडकी, तरी संपल्यावर बघते तर उशीवर, डब्यांच्या झाकणांच्या खाचांत, सगळीकडे पिठासारखी बारीक रेती. देव्हाऱ्यात तू दिलेली अन्नपूर्णा आहे ना, तिच्या पळीत रेतीची इवलीशी रास साठली होती. जणू वाढायलाच निघाली होती. चिंच लावून, जुन्या टूथब्रशने घासून काढली, तुझ्यासारखी. तुझ्याइतकी चकचकीत नाही निघाली.

पाण्याचं विचारत होतीस. शहराचं पाणी कालव्याचं, थेट पंजाबातून, सतलज-बियासचं. वसंतात दुरुस्तीसाठी कालवा बंद ठेवतात, त्याला नहरबंदी म्हणतात, आणि मग नळ एक दिवसाआड. मासांनी मला भांडी घासलेलं पाणी तुळशीला घालायला शिकवलं. मी त्यांना आपल्या घरातली भिंत सांगितली, पुराच्या पाण्याच्या, बाबांनी पेन्सिलने केलेल्या खुणा, 2005, 2019, 2021, आणि 2019 ची रेघ माझ्या डोक्याच्याही वर. त्यांनी पदर तोंडाला लावला. "घर में नदी?" असं तीनदा विचारलं. 2019 ला मी बडोद्याला होते, रस्ते बंद, तुमचे फोन बंद, आणि टीव्हीवर सांगलीच्या आयर्विन पुलाचे फूट मोजत बसले होते. ते मी विसरलेले नाही. विसरले म्हणून पुण्याला नाही म्हटलं, असं समजू नका.

खाण्याची तर काहीच काळजी नको. इथली भुजिया मोठाच्या पिठाची असते. मोठ म्हणजे आपली मटकी गं! तू उसळ करतेस, हे शेव पाडतात. आणि केर-सांगरीतली सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, तिची भाजी खाते मी! शेतांत सोलरसाठी याच खेजड्या तोडल्या म्हणून इथे लोक धरणं धरून बसले होते. बाबा विचारणारच, म्हणून सांगते: आमची जागा पडीक होती, मी येण्याआधी घेतलेली. तरी त्यांच्यासमोरून कंपनीच्या गाडीतून जाताना मान खाली जाते.

बाबा, तुम्हाला गाव आवडेल. जुन्या शहरात चौकाचौकांत मोठमोठे लाकडी पाटे मांडलेले आहेत, दहा-पंधरा माणसं ऐसपैस बसतील एवढे. रात्री जेवून माणसं त्यावर येतात आणि दोन-दोन वाजेपर्यंत जगाचं राजकारण चालतं. तुमचा मारुती चौकातला कट्टा इथे हलवता येईल. भर बाजारात, कोटगेटजवळ, रेल्वेचं फाटक आहे. ते पडलं की अख्खं शहर थांबतं, पण घाई करताना कोणी दिसत नाही. पतंग संक्रांतीला नाही, आखातीजला, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेला उडवतात, त्या उन्हात! शहर वसवलं त्याची आठवण म्हणून. मी पण गच्चीवर गेले, खिचडा खाल्ला, वर चिंचेचं गार पाणी, आणि मांजा धरताना तुमचा हात आठवला. फिरकी मीच धरायची ना नेहमी.

आता ऐका. मध्ये बोलायचं नाही.

आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन "थंडीत बघू" नाही, महिन्याभरातच. थंडीत तुम्ही इथे असणार आहात. दिवाळी झाली की निघायचं, माघापर्यंत राहायचं. मिरजेवरून थेट बिकानेरची गाडी आहे, खालचे दोन बर्थ मी काढते. तुमच्या खोलीला पश्चिमेची खिडकी नाही, संडास कमोडचा आहे, आणि रात्री गारठा पडतो म्हणून रजया मासांनी आत्ताच उन्हात घातल्यात. देशनोकच्या उंदरांच्या देवळात तुला नेणार नाही, शब्द देते.

बाबा, उंटिणीच्या दुधाने साखर उतरते असं इथे जो तो सांगतो. मी तुम्हाला एक पेला पाजीनही, पण गोळी बंद करायची नाही. आणि सकाळी फिरायला जाताना मोबाईल घरी ठेवायचा नाही.

आता शेवटचं, पावसाळ्याचं. आयर्विनला पाणी 35 फुटांवर आलं की मिरजेला मावशीकडे. 40 ची वाट बघायची नाही, "गावभागात अजून आलं नाही" हे मला ऐकवायचं नाही. कागदपत्रं, आईचे दागिने आणि आजोबांचा तो फोटो आजच माळ्यावर. माळ्यावर बाबांनी चढायचं नाही, शेजारच्या पोराला बोलवा.

मासांनी आत्ताच विचारलं, कोणाला एवढं लिहितेस. सांगितलं. म्हणाल्या, दोघांना राम राम लिही.

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, आईला दिसत नाही म्हणून पत्र तुम्हीच वाचून दाखवणार. पुण्याचा भाग गाळू नका. फोनवर मी तिला विचारणार आहे, वहीत किती रकाने होते म्हणून.